सहस्रताल, 3 जून 2024: छावणी आणि माणसं यांच्यामधले तास

उत्तराखंडमध्ये उत्तरकाशी आणि टिहरी जिल्ह्यांच्या सीमेवर, साधारण 4,400 मीटर उंचीवर तलावांचा एक समूह आहे. त्याचं नाव सहस्रताल. आसपासच्या गावांतले लोक आपापल्या देवतांच्या डोल्या घेऊन तिथे स्नानाला जातात. जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात याच वाटेवर 22 जणांचं एक ट्रेकिंग पथक हिमवादळात सापडलं. 9 जण दगावले, 13 जिवंत खाली आले.

अशी बातमी आली की आपल्याकडच्या गटांत बोलणं ठरलेल्या दोन-तीन रुळांवर जातं. वय जास्त होतं का, फिटनेस कमी होता का, हाय अल्टिट्यूडचा त्रास झाला का, नियोजन करणाऱ्यांचं काय चुकलं. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण या प्रकरणाचा गाभा त्यांत सापडत नाही. कोणी दरीत पडलं नाही, हिमस्खलन झालं नाही, हिमनदीच्या भेगेत कोणी गेलं नाही. माणसं थंडीनं गेली, आणि तीही जून महिन्यात, ज्या वाटेवर दोरही लागत नाही अशा ठिकाणी. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. आपण महाराष्ट्रातून हिमालयात जातो ते बहुतांशी अशाच वाटांवर: तंबूत मुक्काम, आठ-दहा दिवस, गवताळ कुरणं, वर एखादा तलाव किंवा खिंड, आणि ‘टेक्निकल काही नाही’ हे आश्वासन.

घटनाक्रम

पथकात कर्नाटकातले 18, महाराष्ट्रातला 1 आणि 3 स्थानिक गाईड होते. सदस्यांत सत्तरी ओलांडलेली व्यक्तीही होती. 29 मे रोजी ते उत्तरकाशीहून निघाले. 7 जूनपर्यंत परत यायचं ठरलं होतं.

वाट भटवाडी तालुक्यातल्या सिल्ला गावाकडून चढते. आधी जंगल, मग कुश कल्याणचं प्रशस्त बुग्याळ, आणि तिथून पुढे धारेधारेनं तलावांच्या दिशेला. बुग्याळ म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर सुरू होणारं उंचावरचं गवताळ कुरण. फोटोत याच्याइतकं निरुपद्रवी काही दिसत नाही. हिरवा उतार, मेंढ्या, मागे बर्फाचे डोंगर. पण वादळात लपायला जागा कुठे असा विचार करून तोच फोटो पुन्हा पाहा. झाड नाही, कपार नाही, भिंत नाही. धुकं उतरलं की एक उतार दुसऱ्यासारखाच दिसतो, आणि वाटेवर वीतभर बर्फ साचलं की पाऊलवाट नाहीशी होते. सह्याद्रीत धुक्यात वाट चुकली तरी कातळ, कारवीची झाडी, ओढ्याचा आवाज, काहीतरी हाताशी लागतं. धारेवरच्या कुरणात तेही नसतं.

3 जूनला पथक सहस्रतालकडे जाऊन छावणीकडे परतत होतं. दुपारी हवा फिरली. आधी बर्फ पडू लागलं, मग जोराचं वारं सुटलं, समोरचं दिसेनासं झालं, वाट हरवली. पहिले मृत्यू त्याच दिवशी झाले. बाकीच्यांना रात्र तिथेच उघड्यावर काढावी लागली आणि त्या रात्रीत मृतांचा आकडा वाढला. वरती मोबाइलला रेंज नव्हती. कुणीतरी रेंज मिळेपर्यंत चालत जाईतो ही गोष्ट खाली कळणं शक्यच नव्हतं. प्रशासनापर्यंत खबर पोचली 4 जूनला. त्या दिवशी देशभर लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि सगळी जिल्हा यंत्रणा तिच्यात गुंतलेली होती. 5 जूनला सकाळपासून हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दल कामाला लागलं. वाचलेल्यांना खाली आणलं गेलं. त्या दिवशी पाच मृतदेह आले, उरलेले चार 6 जूनला.

आता एक साधं गणित. परतीची तारीख 7 जून होती. वरून कुणी चालत खाली आलं नसतं, तर घरच्यांना काळजी वाटायला सुरुवातच 7 तारखेच्या संध्याकाळी झाली असती.

उंची दोषी नव्हती का?

4,400 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या जरा खालीच असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर ऑक्सिजन तेवढाच कमी. विरळ हवेची सवय नसेल तर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होतं; पुढे फुप्फुसांत किंवा मेंदूत सूज येऊन जीवही जातो. पण हे पथक 29 मेपासून वाटेवर होतं, टप्प्याटप्प्यानं चढत आलं होतं, आणि पोस्टमॉर्टेमनंतर जे बोललं गेलं ते थंडीबद्दल.

तरी उंचीला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. ती थंडीची साथीदार आहे. विरळ हवेत भूक मरते, त्यामुळे नेमकं जेव्हा जास्त खायला हवं तेव्हा माणूस अर्धी पोळी टाकून उठतो. श्वास वाढतो आणि कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी आणि ऊब दोन्ही निघून जातात. चाल मंदावते, आणि चाल मंदावली की शरीरात उष्णता कमी तयार होते. शिवाय डोकं थोडं जड असतंच, त्यामुळे थंडीनं येणारा बधिरपणा आणि उंचीमुळे येणारा थकवा वेगळा ओळखता येत नाही. ‘दमलाय, जरा बसू दे’ असं म्हणून ज्याला बसवलं जातं, तो कदाचित गारठत चाललेला असतो.

ओल आणि वारा

इथे जरा थांबून शरीराचं गणित समजून घ्यायला हवं, कारण या प्रकरणात बाकी सगळं त्यावरच टेकलेलं आहे.

आपलं आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास असतं. ते 35 च्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. फक्त दोन अंश! 35 ते 32 या टप्प्यात माणूस जोरानं कुडकुडतो, बोटं ऐकत नाहीत, जीभ जड होते, चिडचिड वाढते. 32 च्या खाली कुडकुडणं कमी होऊन थांबतं, आणि नेमका याच वेळी सोबत्यांचा गैरसमज होतो की ‘आता बरा दिसतोय’. 28 च्या खाली शुद्ध हरपते आणि हृदयाची लय कधीही बिघडू शकते. शेवटच्या टप्प्यात काही जण अंगावरचे कपडे काढून टाकतात. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या अचानक सैल होतात आणि त्यांना उकडल्यासारखं वाटतं. बर्फात उघड्या अंगानं सापडलेल्या माणसांबद्दल गावोगावी ज्या भुताखेतांच्या कथा ऐकू येतात, त्यातल्या काहींचा उगम इथे असावा असं मला वाटतं.

या घसरणीला वेग देणाऱ्या गोष्टी दोन. पहिली ओल. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं, म्हणून अंगाला चिकटलेला ओला कपडा ऊब देत नाही, काढून घेतो. दुसरी गोष्ट वारा. हवा शून्य अंशावर असेल आणि वारा ताशी 60 किलोमीटरनं वाहत असेल तर उघड्या त्वचेला ते उणे 9 अंशांसारखं लागतं. हवा उणे 5 वर गेली की त्याच वाऱ्यात उणे 16. हे आकडे कोरड्या त्वचेचे आहेत. ओल्या माणसाची अवस्था याहून वाईट.

जूनमध्ये त्या उंचीवर पडणारं बर्फ जानेवारीतल्यासारखं कोरडं भुसभुशीत नसतं. ते अंगावर पडतं, वितळतं, शिवणींतून आत जातं. डिसेंबरच्या उणे 15 मध्ये कोरडा राहिलेला माणूस जूनच्या शून्य अंशातल्या भिजलेल्या माणसापेक्षा सुरक्षित असू शकतो. त्यात 2024 च्या मे अखेरीस सगळा उत्तर भारत उष्णतेच्या लाटेत होरपळत होता. दिल्लीच्या फलाटावर घामाच्या धारा लागलेल्या असताना दुसरी फ्लीस (उबदार, हलकं जॅकेट) बॅगेत राहू द्यावी की काढावी, याचा निर्णय काय होतो हे प्रत्येक ट्रेकरला ठाऊक आहे.

कुडकुडणं ही शरीराची भट्टी आहे. विश्रांतीच्या तुलनेत ते उष्णता कित्येक पटींनी वाढवतं, पण त्याला इंधन लागतं आणि ते स्नायूंत साठवलेल्या साखरेतून येतं. दिवसभर चढउतार केलेल्या माणसाकडे दुपारी तीन वाजता ते फार उरलेलं नसतं. म्हणून वादळ सकाळी सहाला गाठतं की दुपारी दोनला, यात फरक फक्त उजेडाचा नसतो. दुपारच्या वादळात माणूस रिकाम्या टाकीनं उतरतो. वयस्क शरीरात कुडकुडण्याची ताकदही कमी असते. वयाचा मुद्दा खरा आहे तो इथे; चालण्याच्या दमात नव्हे. सत्तरीतली काटक माणसं तिशीतल्यांना चढावर मागे टाकताना आपण पाहतो. थांबून राहण्याच्या परीक्षेत मात्र त्यांचं शरीर लवकर हरतं.

आपली पावसाळी सवय

महाराष्ट्रातल्या ट्रेकरला हे लागू का आहे, ते सांगतो. आपलं सगळं शिक्षण भिजण्यात झालेलं आहे. जुलैत राजमाची, ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड, अंगावर पाऊस झेलत कळसूबाईच्या शिड्या. भिजणं हीच तिथली मजा. तापमान वीसच्या आसपास, दोन तासांत खाली गावात गरम चहा आणि कांदाभजी. त्यामुळे ‘भिजलो तर काय होतं’ हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. कळसूबाई आपलं सर्वोच्च शिखर, आणि ते 1,646 मीटर. उंचीची सवय लावायला आपल्याकडे जागा नाही हे आता बहुतेकांना पटलंय, एजन्सीवालेही सांगतात. पण ओल्याची चुकीची सवय आपल्याकडे भरपूर लागते, हे कोणी सांगत नाही.

ही सवय हिमालयात छोट्या गोष्टींतून दिसते. पहिले थेंब पडले तरी पाँचो काढायचा आळस. पाँचो म्हणजे वाऱ्यात फडफडणारा प्लॅस्टिकचा झगा. तो पावसाला ठीक, वाऱ्याबरोबर आलेल्या बर्फाला बिनकामाचा. आत कॉटनचा टी-शर्ट, कारण गटाचा लोगो त्याच्यावर छापलेला. हातमोजे लोकरीचे, एकच जोडी. चढावर घाम येईपर्यंत सगळे थर अंगावर, आणि माथ्यावर पोचल्यावर त्याच घामट कपड्यांत अर्धा तास फोटो. यातली एकही चूक एरवी जिवावर बेतत नाही. वादळात मात्र सगळ्या एकाच वेळी हिशेबाला येतात.

आणि ती रम. ‘दोन घोट घे, ऊब येईल’ हा सल्ला देणारा एखादा तरी ट्रेकमध्ये असतोच. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, गालांना गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर पळते. गारठलेल्या माणसाला दारू देणं, त्याचे हातपाय चोळणं, त्याला उठवून चालवणं, तिन्ही घातक. चोळल्यानं हातापायांतलं थंड रक्त एकदम हृदयाकडे येऊ शकतं. अशा माणसाला आडवं ठेवायचं, ओले कपडे काढून कोरडे घालायचे, खालून जमिनीपासून अलग करायचं, आणि ऊब छाती, काखा, मान इथे द्यायची. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पाणी. नाडी लागत नाही म्हणून त्याला मेलेला समजू नये. अतिथंड शरीरात ती इतकी मंद असते की बधिर बोटांना कळत नाही.

शेवटच्या दिवसाची सॅक

आता या प्रकारच्या ट्रेकची रचना पाहू. दोष तिच्यातच दडलेला असतो.

तंबूंच्या ट्रेकमध्ये खेचरं किंवा पोर्टर सामान पुढच्या छावणीवर नेतात. बऱ्याच जणांची मोठी सॅकही ‘ऑफलोड’ केलेली असते. दिवसाचे अमुक इतके रुपये भरले की ती खेचरावर जाते. शेवटच्या, सर्वांत उंच दिवशी तर छावणी हलतच नाही. सकाळी निघायचं, तलाव किंवा माथा गाठायचा, संध्याकाळी त्याच तंबूत परत. म्हणजे सगळ्यांत उंच, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत उघड्या दिवशी पाठीवर सगळ्यांत कमी सामान असतं. पाण्याची बाटली, चिक्की, फोन, पॉवर बँक, फार तर पाँचो. स्लीपिंग बॅग, मॅट, स्टोव्ह, तंबू सगळं खाली. निवाऱ्याचे पैसे भरलेले असतात, निवारा अस्तित्वातही असतो, पण तो जिथे असतो तिथे तुम्ही नसता.

एरवी या व्यवस्थेत काही बिघडत नाही, कारण एरवी माणूस संध्याकाळी परत येतो. ती कोसळते ती फक्त एका परिस्थितीत: तळ आणि माणसं यांच्यामध्ये वादळ उभं राहिलं तर. सहस्रतालला नेमकं हेच झालं.

यावर उपाय महागडा नाही. ब्रिटिश डोंगरी लोक अनेक वर्षांपासून ‘बोथी बॅग’ वापरतात. ही पातळ नायलॉनची, बिनखांबाची, मोठ्या पिशवीसारखी गोष्ट असते. आठ-दहा जणांनी गोल बसायचं, ती डोक्यावरून ओढून घ्यायची आणि कडा स्वतःच्या बुडाखाली दाबायच्या. वारा थांबतो आणि आतल्या श्वासांनी काही मिनिटांत हवा उबदार होते. वजन किलोच्या आसपास. आपल्याकडे दुकानांत ती सहज दिसत नाही. पण जाड प्लॅस्टिकचा मोठा कागद किंवा हलकी ताडपत्री आणि बसायला फोमचे तुकडे एवढं प्रत्येक आठ जणांमागे एक असलं तरी बरंच साधतं. एक स्लीपिंग बॅग आणि एक छोटा स्टोव्ह गटात वर न्यायचाच, ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी. ते ओझं वाटून घेतलं तर कुणालाच जाणवत नाही.

प्रत्येकाच्या सॅकेत काय असावं, तर पिशवीत बंद करून ठेवलेला एक कोरडा थर, जो माथ्यावरही काढायचा नाही, फोटोसाठीही नाही. हातमोज्यांची दुसरी जोडी, हेडटॉर्च, आणि अर्धा दिवस पुरेल असं खाणं, न शिजवता आणि बधिर बोटांनी खाता येईल असं. राजगिऱ्याचा लाडू चालतो. ज्याचं पुडकं उघडायला दात लागतात ते एनर्जी बार चालत नाहीत.

एकोणीस आणि तीन

22 मधले 3 गाईड आणि 19 सदस्य. साध्या दिवशी हे प्रमाण वाईट दिसत नाही. एक पुढे, एक मध्ये, एक शेवटी. वादळात त्याचं काय होतं ते मांडून बघा. एक जण कोसळला की त्याच्याजवळ एक गाईड थांबतो. मदतीची खबर द्यायला दुसरा खाली जातो. उरले सतरा-अठरा जण आणि त्यांच्यासाठी एक माणूस, तोही भिजलेला, तोही थकलेला. दुसरा सदस्य कोसळताच पथकाकडे गाईड उरतच नाही. म्हणून गटाचा आकार ठरवताना ‘किती जणांना घेऊन वर जाता येईल’ हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते असं: दोघे पडले आणि एक निरोप घेऊन गेला, तर बाकीच्यांना वाट कोण दाखवणार?

मोठ्या गटाची दुसरी अडचण वेगाची. 19 जणांत सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांच्यात दिवसाच्या शेवटी दीड-दोन तासांचं अंतर सहज पडतं. पुढचे थांबतात, थांबले की गार पडतात. मागचे घाई करतात, घामेजतात, खात नाहीत. स्वच्छ हवेत ही फक्त कटकट असते. बर्फ पडायला लागल्यावर मात्र गटापुढे दोनच पर्याय उरतात: सगळ्यांनी संथ माणसाच्या वेगानं चालायचं, किंवा फुटायचं.

फुटण्याबद्दल पुस्तकं एका वाक्यात सांगतात की फुटू नका. प्रत्यक्षात ते इतकं सरळ नाही. सगळे एकत्र उघड्यावर बसले तर सगळेच गारठतात. काही जण छावणी गाठून तंबू आणि बॅगा घेऊन परतले तर उरलेल्यांना संधी मिळते. माझं मत असं की आधी जागेवर आडोसा, मग फुटायचं. जे मागे राहणार आहेत ते वाऱ्यातून बाहेर, कोरड्या थरात आणि एकमेकांना चिकटून बसलेत याची खात्री झाल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही. आडोशाचं साहित्य नसेल तर हा क्रम पाळताच येत नाही. म्हणजे फुटण्याचा निर्णय वादळात घेतला जातो असं दिसतं खरं, पण तो आदल्या संध्याकाळी सॅक भरताना घेतलेला असतो.

घड्याळाचंही तसंच. गढवालमध्ये मे-जूनची हवा सकाळी बहुधा निरभ्र असते, दऱ्या तापल्या की ढग चढू लागतात, आणि दुपारनंतर गडगडाट, गारा किंवा बर्फ. त्यातच पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी प्रणाली, आला तर हेच प्रकरण काही तासांचं न राहता रात्रभर चालतं. म्हणून माथ्याच्या दिवशी पहाटे तीन-चारला निघायची रीत आहे, आणि एक परतीची वेळ ठरवतात. ती आदल्या रात्री सगळ्यांसमोर बोलून ठरवावी, जेवणाच्या तंबूत, आकडा उच्चारून. ‘अकरा वाजले की जिथे असू तिथून वळायचं.’ वर पोचल्यावर हा आकडा ठरवता येत नाही, कारण तिथे तलाव अर्ध्या तासावर दिसत असतो आणि प्रत्येकानं त्या अर्ध्या तासासाठी सुट्टी, पैसे आणि वर्षभराची तयारी घातलेली असते. गाईडला तर नाही म्हणणं दुप्पट कठीण. समोर त्याच्या वडिलांच्या वयाचे, पैसे भरून आलेले पाहुणे असतात आणि तो ‘साहब, थोडा ही है’ म्हणून जातो. आपल्या गटानं त्याला आदल्या दिवशीच स्पष्ट सांगून ठेवायला हवं: भय्या, तुम्ही वळा म्हणालात की आम्ही वळणार, कुणी वाद घालणार नाही. हे सांगायला गटातला सर्वांत ज्येष्ठ माणूस योग्य; त्याच्या तोंडून आलं की बाकीचे ऐकतात.

खबर

या प्रकरणातला सर्वांत लांब विलंब हवामानाचा नव्हता, संपर्काचा होता. 3 जूनच्या दुपारी सुरू झालेल्या संकटाला हेलिकॉप्टरनं उत्तर मिळालं 5 जूनला. हायपोथर्मियाचं घड्याळ तासांचं आणि सुटकेचं दिवसांचं, तर वरच्या पथकानं पहिली रात्र स्वतःच्या बळावर काढायचीच असते. त्या उंचीवर अंधारात आणि ढगात हेलिकॉप्टर येत नाही, कितीही ओळखी असल्या तरी.

इतर देशांत ट्रेकर तळहातावर मावणारी उपग्रह संदेशयंत्रं वापरतात. बटण दाबलं की ठिकाणासह निरोप जातो. भारतात उपग्रह फोन आणि अशी यंत्रं परवानगीविना बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला असंच एक यंत्र बाळगल्याबद्दल ताब्यात घेतलं गेलं होतं. सुरक्षेचं कारण समजण्यासारखं आहे, सीमावर्ती राज्यांत तर जास्तच. पण नोंदणीकृत ट्रेक आयोजकांना ठरावीक मार्गासाठी, ठरावीक दिवसांसाठी असं यंत्र भाड्यानं मिळण्याची सोय वनविभागाच्या परवान्याबरोबरच का होऊ नये? आपण प्रवेश शुल्क भरतो, तंबूंचं शुल्क भरतो, ओळखपत्रांच्या झेरॉक्स देतो. त्याच खिडकीवर हेही देता येईल. उत्तरकाशीत 1965 पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तज्ज्ञ माणसांची त्या गावात वानवा नाही.

तोवर हातात आहे ते वॉकीटॉकी आणि माणूस. वॉकीटॉकीची एक जोडी परवाना असलेल्या आयोजकाकडे असावी, एक संच शेवटच्या छावणीत स्वयंपाक्याजवळ आणि एक वर. छावणीत थांबणाऱ्या माणसाला सांगून ठेवायचं की अमुक वाजेपर्यंत आम्ही दिसलो नाही तर काय करायचं: तंबूबाहेर दिवा, थर्मासमध्ये गरम पाणी, आणि हवा परवानगी देईल तसं दोघांनी बॅगा घेऊन वर यायचं. खाली रेंजच्या ठिकाणापर्यंत कोण पळणार त्याचंही नाव आधीच ठरवायचं. गावात किंवा शहरात एका माणसाकडे मार्ग, छावण्यांची नावं, माणसांची यादी आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर लिहून ठेवायचा. त्याला फक्त घरी परतायची तारीख देऊन भागत नाही. ज्या दिवशी रेंजमध्ये येऊन निरोप पाठवायचा, ती मधली तारीखही द्यायची.

महाराष्ट्र शासनाचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आयोजकांकडून नोंदणीची अपेक्षा करतं. नोंदणी आहे का हे विचारणं सोपं, म्हणून लोक तेवढंच विचारतात. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी याही गोष्टी विचारून बघा: माथ्याच्या दिवशी गटात किती स्लीपिंग बॅगा वर जातात, आडोशाला काय नेता, परतीची वेळ कोणती, छावणीत कोण थांबतं, आणि सर्वांत जवळची रेंज किती तासांवर आहे. ज्यानं ती वाट खरोखर चालवली आहे तो फोनवरच, फाईल न उघडता, उत्तरं देतो.